घाटात गटाने बाईक नेताना मागचा मागेच का पडतो, आणि वळणावर बाहेर का जातो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही सहा मित्र, सहा गाड्या, १२५ सीसीपासून ६५० सीसीपर्यंत. एका गाडीवर डबलसीट. दोघांना गाडी चांगली येते, पण घाटाची सवय नाही. मागच्या वेळी सगळ्यात मागचा मित्र सारखा मागे पडत होता आणि दोनदा वळणावर बाहेर जाऊन समोरच्या लेनमध्ये गेला. उतरताना १२५ वाल्याचा मागचा ब्रेक जवळजवळ लागेनासा झाला. आता पुन्हा दोन दिवसांचा घाटरस्ता ठरलाय, आणि तुम्ही विचारताय की टायर कोणते घ्यावेत आणि वळण घ्यायचं नेमकं तंत्र काय.

दोन्हींची उत्तरं देतो, पण त्या क्रमाने नाही. मागच्या मित्राचं वळण चुकलं याचं कारण बहुधा त्याच्या टायरमध्ये नाही आणि हातातही नाही. तो रस्ता बघत नव्हता, पुढची गाडी बघत होता. त्याला तसं बघायला भाग पाडणारी गोष्ट म्हणजे तुमच्या गटाची रचना. ती बदलली नाही तर सर्वांत महाग टायर घालूनही हेच होईल. रस्ता किती रुंद आहे, डांबर कसं आहे, ऋतू कोणता आहे, गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, यावर काही आकडे वरखाली होतील. त्या जागा मी पुढे सांगत जाईन.

मागचा मागे का पडतो ते आधी बघू. समजा प्रत्येकाने पुढच्यापासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलंय. हेअरपिन वळणात, म्हणजे जिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो तिथे, वेग ताशी २५ किमी असतो, तेव्हा तीन सेकंद म्हणजे साधारण २१ मीटर. वळण संपलं, पुढची गाडी ताशी ६० किमीला गेली, की तेच तीन सेकंद ५० मीटर होतात. वेळेच्या हिशेबात काहीच बदललेलं नाही, मागचा अजूनही बरोबर तीन सेकंद मागे आहे. पण डोळ्यांना सेकंद दिसत नाहीत, मीटर दिसतात. त्याला वाटतं आपण सुटलो. तो वळणातून पूर्ण बाहेर यायच्या आतच रेस पिळतो, सरळ पट्ट्यावर ६० च्या जागी ७० ला जातो, आणि अंतर भरून काढतो. तेवढ्यात पुढचा पुढच्या वळणासाठी वेग कमी करायला लागलेला असतो. म्हणजे मागचा प्रत्येक वळणावर पुढच्यापेक्षा जास्त वेगाने आणि कमी अंतराने पोचतो. त्यात त्याची नजर पुढच्याच्या ब्रेकलाइटवर खिळलेली असते, वळण कुठे आणि किती वळतंय तिकडे नसते.

सहा गाड्यांत हीच चूक साखळीने वाढत जाते. दुसरा थोडीशी घाई करतो, तिसरा त्याहून जास्त, आणि सहाव्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला सरळ पट्ट्यावर लीडपेक्षा, म्हणजे सर्वांत पुढच्यापेक्षा, बराच जास्त वेग धरावा लागतो. तुमच्या गटात त्या जागेवर नवखा होता. सर्वांत अवघड जागा सर्वांत कमी सवय असलेल्याला मिळाली होती.

म्हणून पहिला बदल क्रमाचा. मी गट लावतो तेव्हा लीडच्या लगेच मागे सर्वांत नवखा असतो. दुसऱ्या जागेवर ताण सर्वांत कमी असतो आणि लीडला तो आरशात सतत दिसतो, त्यामुळे वेग आपोआप त्याच्या बेताने ठरतो. तिसऱ्या जागेवर दुसरा नवखा. चौथी १२५ सीसी. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही, पण १२५ ला चढावर त्याचा फटका बसतो आणि ओव्हरटेकला तर नक्कीच. (१२५ वाला स्वतःच नवखा असेल तर त्याला दुसऱ्या जागेवर घ्या, बाकीचा क्रम तसाच.) पाचवी डबलसीट, कारण जड गाडीला थांबायला जागा लागते आणि मागून कोणी घाई करणारा नको. शेवटी स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या मागून सांभाळत येणारा.

लीड कोण आणि स्वीप कोण, यावर लोकांचं बरेचदा चुकतं. सगळ्यात वेगवान मित्राला पुढे ठेवतात. मी उलट करतो. गटात खरोखर अनुभवी एकच असेल तर तो शेवटी. मागे राहून त्याला सगळ्यांच्या चुका दिसतात, कोणी थांबलं तर तो तिथे पोचतो, आणि पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच असावी. पुढे शांत डोक्याचा माणूस हवा, कौशल्य मध्यम असलं तरी चालेल. लीडचं काम एकच: सरळ पट्ट्यावर वेग आवरायचा. वळणात तो कितीही सुबक जाऊ दे, पण बाहेर पडताना त्याने लगेच गाडी पळवायची नाही. दोन वळणांमधला पट्टा छोटा असेल तर ताशी ५० पुरे. पुढच्या वळणाआधी जोरात ब्रेक मारावा लागत असेल तर पट्ट्यावरचा वेग जास्त होता असं समजायचं. लीडचा ब्रेकलाइट वळणाआधी क्वचितच पेटत असेल, तर मागचे पाचही जण निवांत असतात.

अंतर सेकंदांत मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा रस्त्यावरच्या पॅचपाशी पोचली की मनात म्हणा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तोवर तुम्ही तिथे पोचायला नको. कोरड्या रस्त्यावर किमान तीन, ओल्यात किंवा डबलसीटला चार-पाच. सरळ रुंद रस्त्यावर गट दोन ओळींत आडवा-तिडवा चालतो, ते घाटात बंद. वळणात प्रत्येकाला आपल्या लेनची पूर्ण रुंदी लागते, त्यामुळे एकामागे एक. लीडने डाव्या हाताचं एक बोट वर केलं की एकेरी रांग, एवढी खूण आधी ठरवून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम, ज्यामुळे मागच्याची घाई मुळापासून सुटते: पुढचा दिसलाच पाहिजे असं नाही. मागचा घाई करतो ती रस्ता चुकण्याच्या भीतीने. ती भीती काढून टाका. प्रत्येक फाट्यावर, जिथे चुकायची थोडीही शक्यता आहे तिथे, प्रत्येकाने आपल्या मागच्याची वाट बघायची. मागच्याने आपल्याला पाहिलं, आपण कुठे वळतोय ते त्याला दिसलं, मगच निघायचं. फाटा नसेल तर मुख्य रस्त्यावर सरळ चालत राहायचं. आरशात मागचा तीन-चार मिनिटं दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्यालाही तुम्ही दिसेनासे होता आणि तोही थांबतो. असं करत निरोप फोनशिवाय लीडपर्यंत पोचतो. थांबायची जागा मात्र वळणाच्या आत किंवा वळण संपल्या संपल्या नको. शंभरेक मीटर सरळ दिसेल अशा ठिकाणी, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर. मागे बघायला कोण जाणार तेही आधी ठरवा, नाहीतर पाचही जण अरुंद रस्त्यावर यू-टर्न घेत बसतात. माझ्याकडे नियम असा की दहा मिनिटं वाट बघायची, फोन लावायचा, आणि नाहीच लागला तर थांबलेल्यांपैकी रांगेत सर्वांत मागचा एकटा मागे जाणार.

ओव्हरटेक हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय. पुढच्याने ट्रक ओलांडला म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नाही, तो मोकळा होता तीन सेकंदांपूर्वी. पुढच्याने हाताने ‘ये’ अशी खूण करायची पद्धतही बंद करा, कारण ती खूण दिसली की माणूस स्वतः बघायचं सोडतो. ज्याने ओलांडलं त्याने लगेच हळू व्हायचं नाही, तसंच पुढे जाऊन मागच्याला आत शिरायला जागा करायची. लीडने अशा वेळी तात्पुरतं पुढे जाऊन मग वेग कमी करावा. इंटरकॉम असेल तर त्यावर फक्त कामाचं बोलणं: खडी, जनावर, समोरून बस. वळणात शिरताना कानात गप्पा नकोत.

आता वळण. वेग थोडासाच जास्त होता, असं लोक म्हणतात. त्या थोड्याची किंमत बघा. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, घाटात अशी भरपूर असतात. ताशी ४० किमीला गाडी साधारण २३ अंश कलावी लागते. ५० ला ३३ अंश. ६० ला ४३ अंश. वेग दीडपट झाला की टायरवरचा आडवा भार सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ४३ अंश म्हणजे कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगल्या टायरला जेमतेम झेपेल एवढं. बऱ्याच साध्या गाड्यांचे फूटरेस्ट त्याच्या आधीच रस्त्याला घासतात. त्यात मूठभर खडी आली तर काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून वळणातला प्रश्न वळणाआधीच सोडवायचा असतो. ब्रेक आणि गिअर सरळ गाडीवर, कलायच्या आधी. आत शिरताना रेस अगदी हलकी उघडी, वळणभर तशीच स्थिर, आणि बाहेरचा रस्ता पूर्ण दिसला की मग वाढवायची.

किती वेगाने शिरायचं हे कसं ठरवायचं? रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकांना मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू बघा. तो तुमच्यापासून लांब पळत असेल तर वळण उघडतंय, आहे तो वेग चालेल. तो जागच्या जागी राहिला किंवा जवळ यायला लागला तर वळण आवळतंय, वेग लगेच कमी करा. घाटात शेवटाकडे आवळत जाणारी वळणंच माणसाला बाहेर फेकतात, आणि हा बिंदू त्यांची सूचना देतो. पण पुढच्या गाडीकडे बघणाऱ्याला तो बिंदू दिसतच नाही. तुमच्या मित्राचं नेमकं हेच झालं असावं.

थांबायचं अंतरही लक्षात असू द्या. लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला आणि ब्रेक चांगले लागले, तर ताशी ४० किमीला सुमारे २७ मीटर लागतात आणि ६० ला सुमारे ४८. ही सपाट, कोरड्या रस्त्याची गोष्ट आहे. उतारावर आणि ओल्यात ती वाढते. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आणि रस्ता एवढा अरुंद असेल की समोरून आलेल्या गाडीला तुमचीच जागा लागेल, तर दिसणाऱ्याच्या निम्म्यात, कारण उरलेलं निम्मं त्याला थांबायला लागणार आहे.

लेनमध्ये कुठे राहायचं ते वळणाच्या दिशेवर आहे. वळण तुमच्या कडेच्या बाजूला वळत असेल तर शिरताना मध्यरेषेच्या जवळ, पण रेषेपासून मीटरभर आत. तिथून वळणाच्या आतलं जास्त दिसतं. इथे धोका बाहेर पडताना समोरच्या लेनमध्ये जाण्याचा, म्हणून कडेला टेकायची घाई करायची नाही. उशिरा आत या, म्हणजे बाहेर पडताना गाडी सरळ होत आपल्याच लेनमध्ये राहते. वळण मध्यरेषेच्या बाजूला वळत असेल तर शिरताना बाहेरची कड धरा, जिथपर्यंत डांबर स्वच्छ आहे तिथपर्यंत. इथला धोका वेगळा. चाकं तुमच्या लेनमध्ये असतात पण कललेलं डोकं आणि खांदा रेषेच्या पलीकडे जातो. समोरून येणाऱ्या बसचा आरसा नेमका तिथे असतो. चाकं रेषेपासून मीटर-दीड मीटर आत ठेवली तरच शरीर आपल्या बाजूला राहतं. रेसट्रॅकवरची बाहेर-आत-बाहेर अशी पूर्ण रुंदीची रेघ रस्त्यावर वापरायची नाही. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही.

गाडी कलवायची ती हँडलने. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकला, गाडी त्याच बाजूला कलते. पायाने दाबून किंवा अंग झुकवून ती एवढ्या झटकन आणि नेमकी कलत नाही. नवख्या दोघांना निघायच्या आधी रिकाम्या जागेत ताशी ३०-४० किमीला याचा अर्धा तास सराव करायला लावा. कारण ज्या क्षणी वळण हातातून जातंय असं वाटतं, त्या क्षणी हीच एक गोष्ट उपयोगाची असते. माणूस घाबरून रेस सोडतो, पुढचा ब्रेक आवळतो आणि कठड्याकडे बघतो. तिन्ही गोष्टी त्याला बाहेरच नेतात. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक जोरात दाबला की ती उभी राहू पाहते आणि सरळ बाहेर निघते, किंवा पुढचं चाकच सुटतं. त्याऐवजी नजर वळणाच्या आतल्या बाजूला, जिकडे जायचंय तिकडे. आतली मूठ आणखी ढकला, रेस एकदम सोडू नका, आणि फार तर मागचा ब्रेक अगदी हलका. वेग थोडा जास्त वाटला तरी गाडी बहुतेक वेळा आणखी कलू शकते, चालवणाराच आधी हार मानतो. साधं एबीएस सरळ गाडीवर चाक लॉक होऊ देत नाही, पण कललेल्या गाडीत त्याच्या भरवशावर राहू नका. कलण्याचा कोन मोजून ब्रेक आवरणारं एबीएस काहीच गाड्यांत असतं.

हेअरपिनमध्ये चढाला आतली कड फार उभी असते, तिथे गेलात की इंजिन गुदमरून बंद पडतं आणि गाडी आडवी होते. पहिला किंवा दुसरा गिअर वळणाआधीच, लेनच्या मध्यावरून वळा, क्लच गरजेपुरता अर्धा, मागचा ब्रेक हलका टेकवलेला, आणि मान पूर्ण वळवून बाहेरच्या रस्त्याकडे. समोरून बस किंवा ट्रक वळतोय असं दिसलं तर त्याला अख्खं वळण वापरू द्या. त्यांची मागची चाकं आतून कापत येतात आणि पुढचा भाग तुमच्या लेनमधून जातो. हॉर्न देऊन वळणाच्या अलीकडे थांबणं हाच उपाय. अशाच वळणांवर जड गाड्यांचं डिझेल सांडतं आणि कडेची खडी चाकांनी मध्ये येते. म्हणून चाकांच्या दोन पट्ट्यांपैकी एकीतून जा, मधल्या काळपट पट्ट्यातून नको.

उतार आणि तुमच्या मित्राचा ब्रेक. १२५ सीसीला मागे बहुधा ड्रम ब्रेक असतो. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर टेकलेला राहिला की ड्रम तापून फुगतो, ब्रेक शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते, आणि पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. डिस्कचंही तापल्यावर दोन तऱ्हांनी बिघडतं. लिव्हर कडक लागतो पण ब्रेक पकडत नाही, तेव्हा पॅड तापलेत. लिव्हर स्पंजासारखा मऊ होऊन मुठीपर्यंत येतो, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते जवळजवळ सूचना न देता होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या ऑइलची प्रमाण मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. तुमच्या गटातल्या कोणाचं दोन वर्षांत बदललं नसेल तर या सहलीआधी टायरच्याही आधी तेच करा. झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच भरा. सिलिकॉनचं डॉट ५ आणि बाकीचे प्रकार एकत्र करायचे नसतात.

उतारावर वेग इंजिनाने धरायचा. साधा हिशेब असा: जो उतार चढायला जो गिअर लागेल, तोच उतरायला. रेस सोडल्यावरही गाडी पळत सुटत असेल तर एक गिअर आणखी खाली. ब्रेक वळणाआधी ठामपणे लावायचा, वेग हवा तेवढा उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या काळात तो थंड होतो. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा, खरी ताकद पुढच्यात आहे. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणं पूर्ण बंद, पेट्रोल वाचत असलं तरी. ब्रेक मऊ वाटायला लागला तर लिव्हर भराभर दाबून-सोडून थोडा दाब परत मिळतो. तेवढ्यात एकेक गिअर खाली घेत, जमेल तिथे थांबा. अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नका, धातू वाकतो किंवा तडकतो.

आता टायर. आहेत ते चांगले असतील तर या सहलीसाठी नवे घ्यायची गरज नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, ओल्या वळणावर तो धरत नाही. नक्षी मधोमध दोन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदला. रोज सरळ रस्त्यावर चालून टायर मधून सपाट झाला असेल तर घाटात गाडी आधी कलायला नकार देते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. नवख्याला हे फार घाबरवतं, आणि तो दोष स्वतःचा समजतो. बदललेच तर सहलीच्या आदल्या दिवशी नको. नव्या टायरचे पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून चालवावे लागतात. पुढचा-मागचा वेगळ्या जातीचा घेऊ नका.

हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, थंड टायरला, गाडीच्या पुस्तिकेत दिलेली. डबलसीटचा आकडा वेगळा असतो, तो वापरा. घाटात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची पद्धत डांबरी रस्त्यासाठी चुकीची आहे, गाडी वळणात डुलते आणि टायर तापतो. उंचीमुळे हवा बदलेल का, अशी शंका येते. वर जाताना बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज थोडं जास्त दाखवतं आणि थंडीमुळे थोडं कमी, दोन्ही मिळून फरक किरकोळ राहतो. रात्री वर मुक्काम असेल तर सकाळी पुन्हा बघा, एवढंच.

डबलसीटवाल्याने मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) दोन खाचा वाढवावा, चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे तपासावा (बहुतेक रस्त्याच्या गाड्यांना २५ ते ३५ मिमी), आणि हेडलाइट खाली करून घ्यावा. मागे बसणाऱ्याला एकच सांगा: वळण ज्या बाजूला, चालवणाऱ्याच्या त्या खांद्यावरून पुढे बघ. तेवढ्याने अंग आपोआप गाडीबरोबर राहतं. सामानातलं जड ते खाली आणि पुढे. मागच्या चाकाच्याही मागे टांगलेल्या जड पेटीने पुढचं चाक हलकं होतं आणि चढाच्या हेअरपिनमध्ये हँडल भलतीकडेच जातं.

पेट्रोल सर्वांत छोट्या टाकीच्या हिशेबाने, ती निम्मी झाली की सगळ्यांनी भरायचं. चढावर नेहमीचं मायलेज मिळत नाही. तासाभराने थांबा, दमलो नसलो तरी. पावसाचे पहिले पंधरा-वीस मिनिटं रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेलं तेल आणि धूळ वर येते. तेवढा वेळ थांबता आलं तर उत्तम. धुक्यात लो बीम.

कोणी पडलंच, तर आधी रस्ता सांभाळा. वळणाच्या वर आणि खाली दोन्हीकडे एकेक जण शंभरेक मीटर पुढे जाऊन गाड्या हळू करायला लावेल, नाहीतर पुढचा ट्रक त्याच जागी येतो. एक जण जखमीजवळ, एक जण फोनवर. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, मान हलवू नका. ११२ हा आपत्कालीन क्रमांक बऱ्याच देशांत चालतो. तुमच्या मोबाइल कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीचं असेल तर तो अनेकदा लागतो. अजिबातच नेटवर्क नसेल तर शेवटचं कुठे मिळालं होतं ते स्वीपने चालतानाच लक्षात ठेवलेलं असावं.

राहता राहिला तुमचा वेगवान मित्र, ज्याला नवख्याच्या मागे कंटाळा येतो असं तुम्ही लिहिलंय. त्याला रांगेत अडवून ठेवू नका, तो मध्येच घुसायला लागतो आणि मागचे त्याच्यामागे लागतात. त्याला ठरलेल्या ठिकाणापर्यंत पुढे एकटं जाऊ द्या, तिथे थांबायचं आणि गटाची वाट बघायची या अटीवर. मग रांगेत पाच गाड्या उरतील. पहिल्या दिवशी पहिली वीस मिनिटं सोप्या पट्ट्यावर चालवून थांबा आणि फक्त दुसऱ्या आणि पाचव्या जागेवरच्याला विचारा की वेग कसा वाटला. दोघांपैकी एकालाही घाई करावी लागली असेल तर लीडने सरळ पट्ट्यावरचा वेग ताशी दहा किमीने कमी करायचा, आणि मगच पहिल्या हेअरपिनकडे निघायचं.